दत्तोबानाना आणि बिनपापण्यांचा मासा

माझ्या ऑफिसात एक खुर्ची उलटी ठेवलेली असते. म्हणजे माझ्या टेबलाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. नवीन गिऱ्हाईक ती सरळ करायला जातं आणि मी ओरडते, राहू द्या, ती नानांची आहे. भिंतीवर मालदीवचं पोस्टर आहे. निळंशार पाणी, त्यात बसएवढा लांब व्हेल शार्क आणि त्याच्या शेजारी पोहणारा एक माणूस, त्या माशापुढे अगदीच किरकोळ दिसणारा. दत्तोबानाना आठवड्यातून दोनदा तरी येतात, चहा घेतात, पोस्टरकडे बघत बसतात आणि जातात. माझ्याशी बोलतीलच असं नाही.

ऑफिस पुनावळ्यात, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून आहे. आमच्या गावात आता इतक्या सोसायट्या झाल्यात, की गावात राहून गाव शोधावं लागतं. प्रत्येक सोसायटीच्या नावात नदी, झरा नाहीतर तळं असतंच, आणि पाणी टँकरने येतं. मी याच गावची लेक, मोनिका. सासर रहाटणीला. माहेर इतकं जवळ, की रुसून जायचीसुद्धा सोय नाही. आधी मी काशी आणि अष्टविनायकाच्या बस काढायचे. मग हिंजवडीतले आयटीवाले इथे राहायला आले आणि मी दुबई-मालदीव करायला लागले. पोस्टर त्यांच्यासाठी लावलं होतं. नानांसाठी कोण लावणार?

दत्तोबानाना गावात सगळ्यांना माहीत. बुटके, छाती रुंद, मिशी पांढरी, डोक्यावर टोपी आणि चालणं असं, की कुठेच पोहोचायची घाई नाही. त्यांची जमीन थोडी रस्त्यात गेली, थोडी बिल्डरला. घरावर घर चढलं, वर भाडेकरू आले. मुलगा रणजीत चाकणच्या कंपन्यांना कामगार ने-आण करायच्या बस पुरवतो. पैशाला तोटा नव्हता, अजूनही नाही. नानांना लोक ओळखतात ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. पंचक्रोशीत कोणी पाण्यात बुडालं आणि सापडेना झालं, की नानांना बोलावणं येतं.

आमच्याकडे दगडाच्या जुन्या खाणी आहेत. दगड काढून झाला की खड्डा तसाच राहतो आणि पाण्याने भरतो. वरून तळं वाटतं. लांबून कामाला आलेली पोरं सुट्टीच्या दिवशी तिथे अंघोळीला जातात आणि त्यातलं एखादं परत येत नाही. नदी आहेच, अंगावर जलपर्णीची गोधडी ओढून पडलेली. अग्निशमनवाले येतात, जीव तोडून शोधतात, त्यांच्याकडे सगळी सामग्री असते. तरी काठावरचं एखादं म्हातारं माणूस म्हणतंच, नानांना आणा. मग नाना येतात. शर्ट काढून घडी घालून दगडावर ठेवतात, पाण्याला हात लावून कपाळाला लावतात आणि आवाज न करता खाली जातात. वर येतात ते बहुधा रिकामे येत नाहीत. त्याबद्दल त्यांनी कधी कोणाकडून नारळसुद्धा घेतला नाही.

तिथून घरी आले की पुढच्या दाराने आत यायचं नाही. मागच्या दाराशी शालनकाकी, म्हणजे त्यांची बायको, कडुलिंबाचा पाला घातलेलं कढत पाणी काढून ठेवतात. नाना अंघोळ करतात, कपडे बदलतात, मग घरात. आणि त्यांच्या घरात एक रीत आहे. पाण्यातलं घरात आणायचं नाही. कोण होतं, कसं होतं, काय दिसलं, कोणी विचारायचं नाही. आता शालनकाकी काही विचारण्यात कमी नाहीत. भाजीवाल्याला त्याच्या सासूच्या गुडघ्याचं विचारतात. पण अख्ख्या संसारात त्यांनी नवऱ्याला हे एक विचारलं नाही. कढत पाणी द्यायचं, टॉवेल द्यायचा आणि जेवायला वाढायचं.

तर हे नाना माझ्याकडे आले होते ते काकींच्या काशीसाठी. तारखा सांगत होते आणि मधेच त्यांचं बोलणं थांबलं. मी मान वर केली तर ते पोस्टरसमोर उभे.

"हे चितारल्यालं हाय का खरं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खरं आहे, फोटो आहे.

"पानी एवढं साफ असतंय?"

असतं, मी म्हटलं.

"आन् ह्यो मासा जिता हाय?"

मला हसू आलं. मेलेल्या माशाशेजारी पोहायला लोक एवढ्या लांब कशाला जातील, असं काहीतरी मी बोलले. नाना हसले नाहीत. त्या दिवशी ते काशीच्या तारखा न ठरवताच गेले.

मग त्यांचं येणं सुरू झालं. आधी काहीतरी निमित्त असायचं. कोणाच्या तरी पासपोर्टची चौकशी, शिर्डीच्या गाडीची वेळ. मग निमित्तही संपलं. खुर्ची त्यांनीच एक दिवस उलटी केली. मी तशी तोंडाळ बाई. एकदा म्हटलं, नाना, सिनेमाचं तिकीट लावू का? तेव्हा ते बोलले. पुनावळ्याची नदी त्यांच्या लहानपणी कशी होती ते सांगायला लागले. पाठीला सुका भोपळा बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकायची आणि भोपळा सुटला की नदीवर जायची. तळाची वाळू दिसायची. बुडी मारून डोळे उघडले की आपल्याच हाताची सावली वाळूवर पडलेली दिसायची. एकदा खडकाच्या कपारीत त्यांना एक वांब दिसली होती, सापासारखी लांब मासळी, डोकं बाहेर काढून बसलेली.

"माज्याकडं बगत व्हती," नाना म्हणाले. "मी तिच्याकडं. दम संपला म्हनून वर आलो, न्हाईतर आजून तिथंच आसतो."

पाण्यात त्यांनी बघितलेली ती शेवटची जिवंत वस्तू. पुढे नदी काळवंडली आणि चुलत्यांनी, आबाजींनी, त्यांना आपल्या हाताखाली घेतलं. हे बुडालेल्यांचं काम आबाजींचं होतं. त्यांच्यानंतर ते नानांकडे आलं.

"उभा जल्म पान्यात गेला," नाना म्हणाले, "पर पान्यात जितं कायबी भेटलं न्हाई. एकदा उघड्या डोळ्यानं बगायचंय. एकदाच. आन् घरी येऊन हिला सांगायचंय, आज पान्यात हे बगितलं म्हनून. घरात आनन्याजोगं कायतरी."

मी चहा सांगितला आणि मालदीवच्या पुढच्या ग्रुपची तारीख त्यांच्यापुढे ठेवली.

रणजीत दुसऱ्याच दिवशी तणतणत आला. "ताई, तू नानांच्या डोक्यात काय भरवलंस? ह्या वयात समुद्रात?" मी म्हटलं, भावा, ते खाणीत उतरतात तेव्हा तुला वय आठवत नाही का? खरं तर त्याला ते खाणीत उतरणंच नको होतं. बाप तिथून आला की घर दोन दिवस मुकं होतं, हे त्याला पोरवयापासून माहीत. शेवटी गाडं अडलं ते शालनकाकींपाशी. सगळ्यांना वाटलं, काकी मोडता घालणार. काकी म्हणाल्या, मी पण येते. काशीचं काय, असं रणजीतने विचारलं, तर म्हणाल्या, काशी काय पळून जात नाही, मासा जाईल.

मग मी नानांना सरावाला तरणतलावावर नेलं. तिथल्या पोहणं शिकवणाऱ्या मुलीने, उत्कर्षा तिचं नाव, त्यांना काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची नळी दिली. नळीवरून नानांचं आणि तिचं वाजलं. श्वास पाण्याखाली घ्यायचा हे त्यांना पटेचना. पाण्यात गेलं की दम धरायचा, एवढीच त्यांची विद्या. पण मुखवटा त्यांना आवडला. उत्कर्षाने परीक्षा म्हणून आपल्या गाडीची किल्ली तळाला टाकली. स्वच्छ पाणी, पांढऱ्या फरशा, किल्ली काठावरूनही दिसत होती. नाना खाली गेले आणि तळाच्या फरशा तळहाताने चाचपत, पसाभर पसाभर जागा पुसत किल्लीपर्यंत गेले. वर आले तेव्हा मुठीत किल्ली होती. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी म्हटलं, नाना, समोर पडली होती की. तेसुद्धा हसले आणि हाताला घाई असते म्हणाले. विषय तिथेच संपला.

डिसेंबरात आम्ही निघालो. माझा ग्रुप आयटीवाल्या जोडप्यांचा, त्यात हे दोघं. शालनकाकी नऊवारीत, हातात डाळ-तांदळाच्या पिठाचे लाडू भरलेला डबा. विमानतळावर तो उघडायला लावला तेव्हा त्यांनी तपासणाऱ्या बाईलाच एक लाडू देऊ केला. विमानात नाना खिडकीशी बसले आणि खाली समुद्र दिसायला लागल्यापासून त्यांनी काचेवरचं कपाळ काढलं नाही. आम्ही उतरलो ते एक चिंचोळं बेट होतं. एका बाजूला उभं राहिलं की दुसऱ्या बाजूचा समुद्र ऐकू यायचा. पाणी पोस्टरवर होतं तसंच. मला उगाचच हायसं वाटलं. आपल्या पोस्टरची अब्रू राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली. इब्राहिम नावाचा तिथला एक वाटाड्या बरोबर होता. सिनेमे बघून शिकलेलं त्याचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा चांगलं होतं. त्याने नियम सांगितले. माशाच्या तोंडासमोर जायचं नाही. अंतर ठेवायचं. आणि काही झालं तरी हात लावायचा नाही. हा नियम त्याने पुन्हा पुन्हा सांगितला. मी तो नानांना मराठीत सांगितला, तर ते म्हणाले, कळलं, पाव्हण्याच्या अंगाला हात लावत नसतात. माशाबद्दल इब्राहिमने बरंच सांगितलं. हा एवढा थोरला असूनही बारीकसारीक जीव गाळून खातो, माणसाला काही करत नाही. आणि याला पापण्या नसतात, डोळे कधी मिटत नाहीत. त्यावर शालनकाकींनी झोपतो कसा म्हणून विचारलं. इब्राहिमला त्याचं उत्तर येत नव्हतं.

किती वेळ फिरलो कोण जाणे. आयटीवाल्यांची तोंडं उन्हाने आणि कंटाळ्याने उतरली. एक जोडपं उलट्या करून आडवं झालं. नाना तेवढे बोटीच्या टोकाशी बसून होते, मुखवटा कपाळावर चढवून. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आजवर फक्त लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरींच्या बापांच्या तोंडावर पाहिलं होतं. काकी त्यांच्या मागे दोरीला घट्ट धरून बसल्या होत्या. त्या पाण्याकडे बघतच नव्हत्या. नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या.

मग बोटीच्या टपावर नजर ठेवून उभ्या असलेल्या माणसाने हात केला. पाण्यात एक गडद पट्टा सरकत होता, ढगाची सावली पडावी तसा. इब्राहिमने सगळ्यांना उतरायला सांगितलं. धपाधप उड्या पडल्या. नानांनी पाण्याला हात लावला, कपाळाला लावला आणि आत गेले. त्यांच्या उतरण्याचा आवाजच आला नाही.

मी लाइफ जॅकेट घालून वरवर तरंगणारी बाई. नळी तोंडात धरली आणि तोंड पाण्यात घातलं. मासा खालून येत होता. डोकं चपटं आणि रुंद, तोंड एखाद्या फाटकासारखं, आणि सगळ्या अंगावर पांढरे ठिपके, कोणी तरी बसून रांगोळीला काढावेत तसे. तो पोहत नव्हता, नुसता येत होता. त्याच्या बाजूला बारके मासे लागलेले. मला रडू आलं. का आलं ते मला सांगता येणार नाही. पाच-सहा वर्षं मी याची जाहिरात करत होते आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

तेवढ्यात मला नाना दिसले. ते आम्हा सगळ्यांच्या बरेच खाली होते. दम धरून, आडवे, अगदी स्थिर. मासा त्यांच्याच दिशेने येत होता. मला वाटलं, अरे वा, सगळ्यात जवळून यांनाच दिसणार. मग त्यांचे हात पुढे आले. दोन्ही तळवे उघडे, बोटं पसरलेली, हळूहळू पाणी चाचपत. तरणतलावात किल्लीसाठी पुढे झाले होते तसे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काचेच्या आत त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

मी ओरडले. नळीत ओरडून काय होतं? नुसते बुडबुडे. हात हलवले, पाय झाडले. मासा त्यांच्या शेजारून जायला लागला, त्याचं डोकं, मग कल्ले, मग ती न संपणारी ठिपक्यांची पाठ. नानांचे हात त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. एकदा ते आणखी पुढे झाले, थांबले, आणि त्यांनी ते मागे घेऊन छातीशी धरले. शेपूट गेलं. त्याच्या हेलकाव्याने नाना जरा वळले. मग त्यांनी डोळे उघडले. समोर नुसतं निळं पाणी होतं.

बोटीवर सगळे एकदम बोलत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. नाना एका फळीवर बसले. काकींनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. रीतीप्रमाणे त्यांनी काही विचारलं नाही. पण या वेळी त्या वाट बघत होत्या, हे मला दिसत होतं. लाडवाचा डबा मांडीवर घेऊन त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. नाना माझ्याकडे वळले.

"तू बगितलास?"

मी मान हलवली.

"माजं डोळं मिटलं," ते म्हणाले. "निळं पानी दिसलं, बारकं मासं दिसलं, समदं दिसत व्हतं. मंग ते थोरलं कायतरी आंगावर आलं आन् आपसूक मिटलं."

मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, माझा नाही, कोणाचा ते कळेना. मी विचारलं, का पण? तेव्हा त्यांनी सांगितलं. आबाजींनी पहिल्या दिवशी खाणीच्या काठावर त्यांच्याकडून शब्द घेतला होता. बुडालेल्याचं तोंड पाण्यात बघायचं नाही. ते वर आल्यावर, उजेडात, त्याच्या माणसांनी आधी बघायचं. आपण हाताने शोधायचं, केस नाहीतर कॉलर धरायची, आणि अंगाजवळ काही मोठं आलं की डोळे मिटून घ्यायचे. मी आजवर समजत होते, गढूळ पाण्यात डोळे उघडून उपयोग नाही म्हणून हे हाताने शोधतात. काकींनाही ते आत्ताच कळत होतं. त्यांचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

"हात लावला आसता तर दिसला आसता," नाना म्हणाले. "पर हात लावायचा नव्हता."

आम्ही आणखी फिरलो. इब्राहिमला मी पदर पसरल्यागत विनवलं, त्याने इंधन संपत येईपर्यंत बोट फिरवली. मासा पुन्हा दिसला नाही. परतताना नाना एकदाच बोलले. त्या माशाला पापण्या नसतात हे नक्की का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इब्राहिम म्हणाला तसं.

"मंग त्यानं मला बगितलं आसंल," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ग्रुपमधल्या एकाने कॅमेऱ्यातलं चित्रण हॉटेलच्या टीव्हीवर लावलं. त्यात मासा होता आणि त्याच्या शेजारी डोळे मिटलेले नानाही होते. लोकांना वाटलं, म्हातारा ध्यान लावून बसलाय. टाळ्या पडल्या. नाना अर्ध्यातून उठून गेले. मी त्यांच्या मागे गेले आणि म्हटलं, नाना, बघून घ्या की, दिसतोय त्यात. ते म्हणाले, पोरी, ते त्या पोराने बघितलेलं आहे. ते मी घरी कसं नेऊ? मी तर असल्या बघण्याचाच धंदा करते.

परतायच्या सकाळी मी सामान मोजत धक्क्यावर उभी होते. आमची स्पीडबोट लागली होती. सगळे आले, हे दोघं नव्हते. शोधत गेले तर ते बेटाच्या टोकाशी, वाळूत. नाना गुडघाभर पाण्यात उभे होते, वाकून तोंड पाण्यात घालत होते, वर येत होते, पुन्हा घालत होते. मुखवटा नव्हता. खाऱ्या पाण्याने डोळे लाल झाले होते. काकी काठावर, नऊवारीचा काष्टा सावरत उभ्या. या बाईला मी जन्मात पाण्यात पाय घालताना पाहिलं नव्हतं. नवरा ज्या पाण्यातून जे घेऊन यायचा, त्या पाण्याचा तिने मागच्या दाराशीच निकाल लावलेला. मी हाक मारणार होते, तेवढ्यात काकींनी पायातल्या चपला काढल्या, त्या जोडून वाळूत ठेवल्या आणि त्या पाण्यात शिरल्या. पहिल्या लाटेला थबकल्या. मग नानांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, पाणी पोटऱ्यांवर.

"आवो, आता घाला तोंड," त्या म्हणाल्या. "मी हाय हितं. आन् मिटू नगा."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. मग छाती भरून दम घेतला आणि वाकले. बराच वेळ ते खाली होते. नुसती पाठ आणि पांढरे केस दिसत होते. काकी तशाच उभ्या, दोन्ही हातांनी लुगडं धरून. नाना वर आले. तोंडावरचं पाणी त्यांनी निपटलं. तेव्हा शालनकाकींनी ते विचारलं, जे त्यांच्या घरात कधीच कोणी विचारलं नव्हतं.

"काय दिसलं?"

नानांनी कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"तुजं पाय दिसलं," ते म्हणाले. "जोडवी दिसली. डाव्या पायातलं झिजलंय, बदलून घे. आन् एक बारका मासा व्हता, तुज्या करंगळीला हुंगत व्हता."

"आनखी?"

"बोटं हालत व्हती तुजी," नाना म्हणाले. "वाळूत. पान्यात मान्साची बोटं हालत्याली म्या कधी बगितली न्हाईत."

काकींनी लुगडं सोडून दिलं, ते भिजलं तर भिजू दिलं, आणि त्या हाताने नवऱ्याच्या डोळ्यांतलं खारं पाणी पुसायला लागल्या. नाना म्हणाले, मासा राहिलाच गं. काकी म्हणाल्या, राहू द्या, पुढच्या वर्षी येऊ, आता परत एकदा बघा, नीट. आणि नानांनी पुन्हा दम घेतला.

धक्क्यावरून बोटवाला हाका मारत होता. मी मागे वळून त्याला हाताने थांब म्हणून खूण केली.